सरळवाले आणि तिरकेवाले

आत्या पुन्हा माहेरी राहायला आल्यापासून पुढचं दार घासायला लागलं होतं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण घरात बोललं मात्र तसंच जायचं. दार उघडताना किंचाळायचं आणि लावताना खांदा लावावा लागायचा. आजोबा रोज म्हणायचे, "उद्या सुताराला सांग." त्यांचा मुलगा रोज म्हणायचा, "हो बाबा." हा मनुष्य खालच्या चष्म्याच्या दुकानात आणि वरच्या घरात, दोन्हीकडे एवढंच बोलायचा. म्हणून आत्याने आपल्या या थोरल्या भावाला लहानपणीच होबाबा असं नाव ठेवलं होतं, आणि ते चांगलं टिकलं होतं.

त्या रविवारी दुपारी लिफ्टवाल्याची आई जेवायला यायची होती. होबाबाची मुलगी बेबी आणि हा लिफ्ट बसवणारा मुलगा यांचं जमलंय हे आता शेजारच्या मांजरालाही ठाऊक होतं. मुलगा यांच्यासारखाच यहुदी होता, कष्टाळू होता, निर्व्यसनी होता. अडचण एकच होती. तो 'त्यांच्यातला' होता. त्यांचं सिनेगॉग वेगळं, त्यांच्या प्रार्थनेच्या चाली वेगळ्या, आणि आजोबांच्या मते त्यांचं सगळंच थोडं उरकून टाकल्यासारखं. आजोबांनी होकार दिला नव्हता, नकारही दिला नव्हता. "आई येऊ दे, मग बोलू," एवढंच म्हणून ठेवलं होतं, आणि त्या बोलण्यात काय असणार या विचाराने बेबीने आदल्या रात्रीपासून धड घास खाल्ला नव्हता.

आता भावी सासुरवाडीत छाप पाडायची तर माणूस काय करेल? फुलं आणेल, मिठाई आणेल. हा पठ्ठ्या सकाळीच रंधा घेऊन आला.

"आजोबा फिरायला गेलेत तोवर दार करून टाकतो," तो बेबीला म्हणाला. "येतील तेव्हा दार असं उघडेल की त्यांना कळणारसुद्धा नाही."

त्याने दाराची कड तासली, बिजागऱ्यांना तेल घातलं, आणि हात पुसता पुसता त्याची नजर चौकटीवर गेली. उजव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, बोटभर लांबीची पितळी डबी होती. अशी डबी प्रत्येक यहुदी घराच्या दारावर असते. मेझुझा म्हणतात तिला. आत चर्मपत्रावर लिहिलेलं वचन असतं, की ऐका, देव एक आहे. जाता येता तिला बोटं लावायची आणि बोटांचं चुंबन घ्यायचं. लिफ्टवाल्याच्या घरी ती शिपायासारखी ताठ उभी असे. इथली मात्र आतल्या बाजूला कललेली होती.

'अरेरे,' त्याला वाटलं, 'दार आपटून आपटून बिचारीचा खालचा स्क्रू सरकला.'

त्याच्या धंद्यात लिफ्टचा रूळ केसभर जरी कलला तरी पेटी घासते, त्यामुळे कललेली वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवत. त्याने पिशवीतून ओळंबा काढला, दोरा सोडला, डबी त्या दोऱ्याच्या रेषेत आणली आणि दोन्ही स्क्रू घट्ट पिळले. वर मायेने फडकंही फिरवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

*

आजोबा फिरून आले. डबीला बोटं लावली, ओठांना लावली, आत आले. पेपर राहिला म्हणून खाली गेले, वर आले, पुन्हा बोटं लावली. दार आता लोण्यासारखं फिरतंय हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही, कारण दुपारी घालायच्या अटींची मनात उजळणी चालली होती. लग्न आपल्या सिनेगॉगात. चाल आपली. नव्या घराच्या दारावर मेझुझा आपल्यासारखा. बाकी सगळं त्यांच्या मनासारखं होऊ दे, आपण काही आडमुठे नाही.

बोंब ठोकली ती आत्याने. ती शाळेत गणित शिकवायची आणि दुसऱ्याच्या चुकीवर तिचा फार जीव होता.

"बाबा," ती दारातून ओरडली, "आपली डबी कुणी उभी केली?"

आजोबा उठले. दारात गेले. चष्मा काढला, पुसला, लावला. मग आत्याला आत घेऊन दार लोटलं.

"कुणी केलं हे?"

लिफ्टवाल्याने शहाण्या विद्यार्थ्यासारखा हात वर केला. "मी. सरकली होती ना, म्हणून सरळ केली."

"सरकली होती?" आजोबांचा आवाज चढला. "माझ्या आजोबांच्या दारावर ती तिरकी होती. माझ्या बापाच्या दारावर तिरकी होती. आणि तू म्हणतोस सरकली होती! अजून घरात पाऊल पडलं नाही, तर आमच्या दारावर तुमचा झेंडा?"

"आजोबा, त्याला माहीत नव्हतं," बेबी म्हणाली.

"माहीत नव्हतं तर हात कशाला लावायचा? डॉक्टर आहे का हा, दिसलं की कापलं?"

"पण बाबा," आत्या हळूच म्हणाली. ती कुणाच्या बाजूने बोलेल याचा नेम नव्हता, समोरचा जिंकतोय असं वाटलं की ती बाजू बदलायची. "सकाळपासून तुम्ही दोनदा तिला हात लावून आत आलात. मी पाहिलंय."

"मग?"

"मग काही नाही. गावभर लोकांना दिसावं म्हणून चष्मे विकणारा माणूस. दिव्याखाली अंधार, एवढंच."

"दादा, तुझ्या बहिणीला सांग—" आजोबा संतापले की मुलालाच दादा म्हणायचे.

"हो बाबा," होबाबा म्हणाला आणि कुणालाच काही सांगितलं नाही.

"मी आत्ता तिरकी करून देतो," लिफ्टवाला काकुळतीने म्हणाला. "किती तिरकी हवी?"

प्रश्न साधा होता. आजोबांनी हाताने दाखवलं. आत्या म्हणाली, एवढी नव्हती. होबाबाने, कुणी विचारलं नसताना, तिसरंच काही दाखवलं. बेबी म्हणाली, "आजोबा, तुम्ही दाखवताय तशी लावली तर पडेलच ती." जिच्या तिरकेपणावर या घराची अब्रू अवलंबून होती, ती रोज पाहूनही नेमकी किती तिरकी होती हे घरात कुणालाच सांगता येईना. लिफ्टवाला हातात पेन्सिल घेऊन या हातावरून त्या हाताकडे पाहत राहिला.

"आमच्या घरी हा त्रासच नाही," एक खणखणीत आवाज आला. "दोरा सोडायचा आणि ठोकायची."

सगळ्यांनी वळून पाहिलं. दारात लिफ्टवाल्याची आई उभी होती. ती शाळेची बस चालवायची, त्यामुळे तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत जायचा. दार घासत असतं तर ती आल्याचं सगळ्यांना कळलं असतं. मुलाने दार इतकं छान केलं होतं की ती बराच वेळ उंबऱ्यावर उभी राहून सगळं ऐकत होती.

"या, या," होबाबाची बायको स्वयंपाकघरातून धावत आली. सूनबाई हे तिचं नाव नव्हतं, पण या घरात तिचं दुसरं नाव कुणी घेतही नव्हतं. "कधी आलात?"

"झेंड्याच्या वेळी," बसवाली म्हणाली.

*

भांडण झालं म्हणून जेवण थांबत नाही. मासे गार होतात. सगळे टेबलाशी बसले, आजोबांनी पावावर आशीर्वाद म्हटला, तुकडे वाटले. बसवालीला सगळ्यात मोठा तुकडा दिला, कारण रागावला तरी तो माणूस पाहुण्याच्या मानाला चुकणारा नव्हता.

"काका, रागावू नका, पण एक विचारू?" बसवाली म्हणाली. "तुमच्याकडे ती तिरकी का असते? आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही."

आजोबा खुलले. असा प्रश्न कुणी विचारला की ते दुकानातलं गिऱ्हाईकही सोडून देत.

"ऐका. फार पूर्वी एक थोर गुरू होते. ते म्हणाले, मेझुझा उभा लावावा. त्यांचा नातूही मोठा विद्वान निघाला. तो म्हणाला, नाही, आडवा लावावा. आता करायचं काय? एकाचं ऐकावं तर दुसऱ्याचा अपमान. तेव्हा आपल्या लोकांनी..."

इथे आजोबा थांबले.

"लोकांनी काय केलं?" आत्याने विचारलं. तिला गोष्ट पाठ होती.

"तिरका लावला," आजोबा पुटपुटले. "दोघांचंही राखलं."

"म्हणजे आजोबांचं आणि नातवाचं पटलं नाही," बेबी सावकाश म्हणाली, "म्हणून तो तिरका आहे."

"त्यात काय झालं?"

"काही नाही. आजोबांशी नातवंडांचं पटलं नाही तरी चालतं, असंच आपण दारावर लावून ठेवलंय."

बसवाली हसू दाबायला पाणी प्यायली. पण आजोबा असे सहज हार जाणारे नव्हते.

"अगदी बरोबर! ती तडजोड आहे. आणि तडजोड चांगली असते, म्हणून सगळ्यांनी तशीच लावली पाहिजे. तुमच्या नव्या घरातसुद्धा!"

"तडजोडीची सक्ती?" बसवाली म्हणाली. "हे नवीनच ऐकतेय."

बेबीने काटा खाली ठेवला. दुकानात काचा तीच घासायची, आणि लहानपणापासून आजोबांच्या शेजारी स्टुलावर बसून तिने त्यांची प्रत्येक गोष्ट हजारदा ऐकली होती.

"आजोबा, दुकानात चष्मा बसवताना तुम्ही काय सांगता लोकांना?"

"काय सांगतो?"

"कुणाचेही दोन कान एका रेषेत नसतात. म्हणून चष्म्याची एक काडी थोडी वाकवावी लागते, तेव्हा तो सरळ बसतो. आणि मग ती राजाची गोष्ट. राजा एका ठशावर नाणी पाडतो, ती सगळी सारखी निघतात. देवाने सगळी माणसं एका आदामाच्या ठशावर पाडली, आणि एकासारखं दुसरं नाही. सगळ्यांचा बाप एकच, म्हणजे कुणी कुणाला म्हणू नये, माझा बाप तुझ्या बापापेक्षा मोठा. लोक बिचारे चष्मा विसरून तुमच्याकडे बघत राहतात. आणि घरी तुम्हाला सगळी नाणी सारखी हवीत."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," आत्या माशाला म्हणाली.

"ते चेहऱ्यांचं आहे!" आजोबा उसळले. "चालीचं वेगळं! चाल बदलली तर घर कुठलं राहिलं? मी आता स्पष्टच सांगतो. लग्न आमच्या सिनेगॉगात, प्रार्थना आमच्या चालीत, मेझुझा आमच्यासारखा. हे मान्य असेल तर आज तोंड गोड करू. नाहीतर..."

"नाहीतर काय?" बसवालीने विचारलं.

"नाहीतर नाही."

बसवालीने हात पुसले. ती चिडली नव्हती, आणि तेच वाईट होतं. "काका, माझा नवरा गेला तेव्हा याला वडिलांसाठी म्हणायची प्रार्थना आमच्याच चालीत शिकवली मी, बस धुता धुता. ती आता सोड, असं मी त्याला सांगणार नाही. तुमची पोर लाखात एक आहे. पण मग नाही तर नाही."

लिफ्टवाला आईकडे बघेना, बेबीकडेही बघेना. बेबीचे डोळे भरले आणि तिने ते पुसलेही नाहीत. होबाबाने तोंड उघडलं. सगळ्यांना वाटलं, आता हा 'हो बाबा' म्हणणार आणि सगळं संपणार. त्याने तोंड पुन्हा मिटलं. त्याच्या आयुष्यातला तो बहुधा सगळ्यात मोठा पराक्रम होता.

"मी बोलू का?" सूनबाई म्हणाली.

तिच्या बोलण्याची कुणाला सवय नव्हती. आत्याने तर आधी दाराकडे पाहिलं.

"माझं माहेर सरळवाल्यांचंच," सूनबाई बसवालीला म्हणाली. "तुमच्या सिनेगॉगाच्या मागच्या गल्लीत. बाबांना माहीत होतं, पण आता ते विसरलेत, कारण मी कधी आठवणच दिली नाही. लग्नानंतरचा पहिला शुक्रवार होता. जेवणं झाली. जेवणानंतर देवाचे आभार गायचे, म्हणून मी आपली सुरुवात केली, माझ्या वडिलांच्या चालीत. बाबांनी टेबलावर ताल धरला आणि त्यांच्या चालीत मोठ्याने गायला लागले. माझा आवाज त्यात बुडाला. मग म्हणाले, सूनबाई, या घरात अशी चाल! सगळे हसले. मीही हसले."

"मी?" आजोबा म्हणाले. "मी असं केलं?"

"तुम्ही वाईट मनाने नाही केलंत, बाबा. म्हणून तर मी इतकी वर्षं मूग गिळून बसले. वाईट मनाने केलं असतं तर भांडले असते." तिने टेबलाभोवती एकेकाकडे पाहिलं. "त्यानंतर मी या टेबलावर कधी गायले नाही. तुमच्या कुणाच्या लक्षात आलं? वहिनीला आवाजच नाही, असं आत्याला वाटतं."

आत्याला खरंच तसं वाटत होतं.

"या घराने मला काही कमी केलं नाही," सूनबाई म्हणाली. "पण एका घरात एकीची चाल गप्प झाली, तेवढं पुरे. माझ्या जावयाची मी होऊ देणार नाही. लग्न मोडायचं तर मोडा, पण मग माझ्या पोरीला ते तुम्ही सांगायचं, माझ्या तोंडून नाही."

*

आजोबा ताटाकडे बघत बसले. त्यांना तो शुक्रवार आठवेना. खूप शोधला, पण सापडेना. आपला आवाज मोठा आहे आणि तो लोकांना आवडतो, हेच त्यांना जन्मभर ठाऊक होतं. त्या आवाजाखाली कुणी होतं, हे आज समजत होतं. त्यांना सुनेकडे बघायची लाज वाटली. म्हणून त्यांनी लिफ्टवाल्याकडे पाहिलं.

"ए, ओळंबावाल्या."

"जी आजोबा."

"तुझ्या घराच्या दारावर तुझ्या मनासारखी लाव. उभी लाव, मी येईन आणि हात लावीन. आज दोनदा लावलाच आहे, बोटं काही जळली नाहीत."

"आणि इथली?"

"इथली तिरकी कर. किती ते बेबीला विचार, आम्हाला कुणालाच येत नाही." मग ते बसवालीकडे वळले. "आणि लग्नाच्या चालीचं तुम्ही आणि आत्या मिळून ठरवा. ही तुम्हाला माझी शिक्षाच समजा. तिच्याशी काही ठरवणं म्हणजे काय ते तुम्हाला कळेल."

बेबी हसत होती की रडत होती ते सांगणं कठीण होतं. लिफ्टवाल्याने टेबलाखाली तिचा हात धरला. सगळ्यांना ते दिसलं आणि सगळ्यांनी माशाच्या काट्यांकडे लक्ष दिलं.

जेवणं आटोपली. आता आभार गायचे. यजमानाने पाव मोडायचा आणि पाहुण्याने आभाराला सुरुवात करायची, असा जुना नियम. बसवाली सावरून बसली.

पण आजोबा म्हणाले, "सूनबाई, तू सुरू कर."

"मी? बाबा, पाहुण्याने सुरू करायचं असतं. मी काय पाहुणी आहे?"

"नाहीस ना," आजोबा म्हणाले. "पाहुणी असतीस तर पहिल्याच दिवशी तुला हा मान मिळाला असता. घरची झालीस म्हणून राहून गेला. चूक झाली माझी. तुझ्या वडिलांच्या चालीत म्हण."

सूनबाईने पदराने हात पुसले, कोरडे होते तरी. डोळे मिटले. पहिली ओळ नीट आली. दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी ती अडखळली. पुन्हा पहिली ओळ घेतली, पुन्हा तिथेच येऊन थांबली. तिने डोळे उघडले, आणि तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते पाहून होबाबा खुर्चीतून अर्धा उठला.

"आठवत नाही," ती म्हणाली. "अहो, मला आठवतच नाहीये."

तेवढ्यात मागच्या बाकापर्यंत जाणारा तो आवाज अगदी हलका होऊन दुसऱ्या ओळीत शिरला. बसवालीने टेबलावरून हात पुढे केला, सूनबाईचं मनगट धरलं आणि गात राहिली. अर्धी ओळ गेली, आणि सूनबाईला सूर सापडला. मग लिफ्टवाला मिळाला, मग चुकतमाकत बेबी. शब्द तेच होते, जे या टेबलावर इतकी वर्षं म्हटले जात होते.

आजोबांनाही राहवेना. त्यांनी सवयीने टेबलावर ताल धरला आणि छाती भरून आपल्या चालीत सुरुवात केली.

"बाबा, थांबा!" होबाबा म्हणाला. "ती गातेय."

आजोबा थांबले. उचललेला हात त्यांनी सावकाश मांडीवर ठेवला, आणि गाणं संपेपर्यंत तिथेच ठेवला.